घाम कुणाचा, ग्लो कुणाचा

मराठीत चमकणाऱ्या चेहऱ्यासाठी शब्दांची टंचाई नाही. तेज, कांती, तजेला, टवटवी, तुकतुकी, झळाळी. कौतुक करायचं असेल तर यातला कुठलाही उचला. आता दुसरी यादी बघा: तेलकट, ओशट, घामट, मेणचट. हेही चमकणाऱ्याच चेहऱ्याचे शब्द. कपाळावर, नाकावर, गालाच्या हाडावर उजेड पडतो आणि परत फिरतो, दोन्ही याद्यांमध्ये घडतं ते एवढंच. मग कुणाच्या वाट्याला पहिली यादी येते आणि कुणाच्या वाट्याला दुसरी?

गेली काही वर्षं मेकअपच्या जगात 'मॅट की ग्लोई' हा वाद रंगलाय. एका रीलमध्ये एक मुलगी गालावर थेंब थेंब हायलायटर टिपत असते. अंगठा वर सरकवला की दुसरी सांगते, ग्लास स्किन संपली, आता परत मॅट. पार्लरमध्ये नवरीला विचारतात, "ताई, मॅट करू की ग्लॉसी?" चहा की कॉफी विचारावं तितक्या सहज. मला मात्र हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा वाटत नाही. या दोन्ही फॅशनचं खरं भांडण घामाशी आहे. मॅट म्हणते, घाम आला तरी दिसू देऊ नकोस. ग्लो म्हणतो, घाम यावा अशी वेळच तुझ्यावर येत नाही, हे दिसू दे.

स्नो-पावडरचे दिवस

आधी थोडं प्रकाशाचं गणित. त्वचेवर तेलाचा किंवा घामाचा पातळ थर साचला की तिचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि उजेड आरशावरून परतावा तसा एका दिशेने परततो. ही चमक. पावडरचे कण तो थर शोषून घेतात आणि पृष्ठभाग बारीक खडबडीत करतात. उजेड सगळीकडे विखुरतो, चमक मावळते. हे मॅट. शंखजिऱ्याची भुकटी, स्टार्च, चिनी माती, सिलिका ही सगळी याच कामावरची मंडळी.

आपल्याकडे हे काम शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. आज्या-पणज्यांच्या बोलण्यात 'स्नो-पावडर' असा जोडशब्द असायचा. त्यातला स्नो म्हणजे व्हॅनिशिंग क्रीम. त्यात मुख्यतः स्टिअरिक आम्ल, थोडी अल्कली आणि भरपूर पाणी. चेहऱ्यावर चोळलं की पाणी उडून जातं, क्रीम दिसेनासं होतं आणि मागे एक पातळ, बिनचमकीचा थर उरतो. त्यावर पावडर नीट बसते. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली 'अफगाण स्नो' काढला. नाव बघा: बर्फ. मे महिन्यात सावलीत बसूनही ज्या शहरात पाठ ओली होते, तिथे बाटलीत भरून थंडी विकली जात होती. आणि थंडीबरोबर पांढरेपणाही.

सिनेमाने मॅट चेहऱ्याला आणखी प्रतिष्ठा दिली. अमेरिकेत टेक्निकलरचे कॅमेरे आले तेव्हा जुन्या ग्रीसपेंटची पंचाईत झाली. ते किंचित चमकायचं आणि त्या चमकेत शेजारच्या पडद्याचा, कपड्याचा रंग उमटायचा. लाल पडद्याजवळ उभी असलेली नटी लालसर दिसायची. यावर मॅक्स फॅक्टर कंपनीने पॅनकेक काढला: ओल्या स्पंजने लावायची आणि वाळल्यावर मॅट होणारी वडी. 'व्होग्ज ऑफ १९३८' या सिनेमात तो वापरला गेला, नट्या तो घरी घेऊन जाऊ लागल्या, आणि १९३८ मध्ये तो सर्वांसाठी दुकानात आला. पुढे तो आपल्या स्टुडिओंतही पोचला. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत पॅनकेक ट्रकच्या ट्रक भरून यायचा, असं तिथे नोकरी केलेल्या अशोकमित्रन या तमिळ लेखकाने लिहून ठेवलंय.

आज मॅटला नावं ठेवणं सोपं झालंय. थापलेला चेहरा, भिंतीला मारलेली पुट्टी वगैरे. २०१६च्या आसपासची मॅटची लाट आठवली तर ते खोटंही नाही. ओठ सुकून भेगाळेपर्यंत वाळणाऱ्या लिक्विड लिपस्टिक होत्या. डोळ्यांखाली पावडरचा ढीग रचून तो मुरेपर्यंत थांबायचं 'बेकिंग' होतं. ड्रॅग कलाकारांनी स्टेजच्या दिव्यांसाठी वापरलेली ही युक्ती लोक भरदुपारी कॉलेजला जाताना वापरत होते. हसलं की गालावर बारीक तडे दिसायचे.

पण मॅटने एक काम इमानेइतबारे केलं, त्याचं श्रेय तिला द्यायला हवं. मी रोज मध्य रेल्वेने ये-जा करते आणि माझी त्वचा तेलकट आहे, म्हणून हे जरा जवळून बघितलंय. सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात उतरायच्या दोन स्टेशनं आधी पर्समधून कॉम्पॅक्ट निघतात. दांडीला एका हाताने लटकून दुसऱ्या हाताने नाकाच्या शेंड्यावर पफ मारायचा, हे कसब कुठल्याही ब्युटी स्कूलमध्ये शिकवत नाहीत. पहाटेचा डबा, मुलाची रिक्षा, प्लॅटफॉर्मवरची धावपळ, गर्दीत चेपून आलेला पाऊण तास, हे सगळं त्या पफखाली जातं. ऑफिसात पोचते ती बाई घरातून नुकती, आरामात निघाल्यासारखी दिसते. तिने असं दिसावं अशी अपेक्षा अन्यायकारक आहेच. पण ती अपेक्षा रोज पुरी करायला तिला स्वस्तातलं आणि अर्ध्या मिनिटात उरकणारं काहीतरी हवं होतं. पावडरने ते दिलं.

ग्लोचं खरं यश

मग वारं फिरलं. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये ग्लोसिए नावाचा ब्रँड आला आणि मेकअप कमी, त्वचा जास्त, असा सूर रूढ झाला. कोरियातून ओलसर, रसरशीत त्वचेचं कौतुक आलं. तिकडे त्यासाठी 'छोक-छोक' असा खास शब्द आहे. २०१७च्या सुमारास 'ग्लास स्किन' जगभर पोचली. टोनर, एसेन्स, सिरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन असे थरावर थर चढवायचे आणि त्वचा काचेच्या तावदानासारखी दिसायला हवी.

या बदलात कौतुक करण्यासारखं खरंच काही आहे. ते सांगितल्याशिवाय टीका करण्यात अर्थ नाही. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर मॅट पावडरने फार अन्याय केलाय. शंखजिरं आणि टायटॅनियम डायऑक्साइड दोन्ही पांढरे. गोऱ्या चेहऱ्यावर ते मिसळून जातात, काळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखे बसतात. गॅदरिंगमध्ये नाचलेल्या सावळ्या मुलींचे जुने फोटो काढून बघा: चेहरा राखाडी आणि मान तपकिरी. शिवाय गडद त्वचा आत शिरलेला बराचसा उजेड शोषून घेते. त्यामुळे पृष्ठभागावरून परतणारी चमक तिच्यावर अधिक ठळक उठून दिसते. ती चमक पावडरने मारली की चेहऱ्याचा घाटच सपाट होतो. २०१७ मध्ये रिहानाच्या फेंटी ब्युटीने चाळीस छटांचं फाउंडेशन आणलं आणि सोबत भडक चमकणारे हायलायटरही आणले. गडद त्वचेच्या बायकांसाठी या दोन्ही गोष्टी एकाच दुकानात मिळणं ही मोठी गोष्ट होती.

'मूनलाइट' (२०१६) हा सिनेमा बघितला असेल तर मी काय म्हणते ते लक्षात येईल. दिग्दर्शक बॅरी जेंकिन्स आणि छायाचित्रकार जेम्स लॅक्स्टन यांनी नटांची चमक मारणारी पावडर टाळली आणि त्वचा ओलसर, उजेड परतवणारी ठेवली. मायामीतली दमट हवा त्या चेहऱ्यांवर दिसते. माणसं कुठे राहतात, त्यांना कसल्या हवेत श्वास घ्यावा लागतो, हे त्यांच्या कपाळावरून कळतं. आपल्याकडे 'जैत रे जैत' (१९७७) मधली स्मिता पाटील आठवा. डोंगरातल्या उन्हात तिच्या सावळ्या चेहऱ्यावर जी चमक आहे, तिला मी तेजही म्हणेन आणि घामही. वर दिलेल्या दोन याद्या त्या चेहऱ्यावर एकत्र येतात. ग्लोचं इतकं सुंदर रूप मला नंतरच्या कुठल्या जाहिरातीत दिसलेलं नाही.

काचेला रंध्रं नसतात

मग आक्षेप कुठे आहे? तो 'काच' या शब्दात आहे. काचेला रंध्रं नसतात, लव नसते, पुरळ येत नाही, काच रापत नाही. उलट खऱ्या त्वचेवर चमक आली की प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक खड्डा अधिक स्पष्ट होतो, कारण उजेड एका दिशेने परततो तेव्हा पृष्ठभागावरचं काहीच लपत नाही. पीसीओडीमुळे हनुवटीवर पुरळ असलेल्या मुलीने गालावर हायलायटर लावला की जग आधी पुरळच बघतं. मॅट पावडर तिच्या वतीने थोडं खोटं बोलायची. ग्लो तसं करत नाही. त्याला आधीच नितळ असलेली त्वचा लागते. ती पुरेशी झोप, स्वच्छ पाणी, त्वचारोगतज्ज्ञाची फी, एसी, उन्हापासून लांब असलेली नोकरी आणि थोडं नशीब यांतून येते. 'मी काहीच लावलेलं नाही, नुसतं स्किनकेअर' हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. त्याचा अर्थ होतो, मी सगळं आधीच लावून बसले आहे.

काचेच्या या वेडाचं सगळ्यात नेमकं चित्र पॅरिसमध्ये बघायला मिळालं. जानेवारी २०२४ मध्ये मेझों मार्जिएलाचा फॅशन शो सीन नदीवरच्या अलेक्झांडर पुलाखाली झाला. जॉन गॅलियानोच्या कपड्यांपेक्षाही जास्त चर्चा झाली ती पॅट मॅकग्राने केलेल्या चेहऱ्यांची. मॉडेल अगदी चिनीमातीच्या जुन्या बाहुल्यांसारख्या दिसत होत्या. चकचकीत, कडक, निर्जीव. हे केलं कसं, याचा छडा लावायला अर्धं इंटरनेट कामाला लागलं. नंतर मॅकग्रानेच उलगडा केला: ओढून काढायचे पील-ऑफ मास्क पाण्यात पातळ करून, एअरब्रशने थरावर थर फवारून वाळवले होते. म्हणजे ग्लास स्किनचं परमोच्च रूप त्वचेचं नव्हतंच. तो मुखवटा होता आणि शो संपल्यावर तो सोलून काढता येत होता. साधारण वर्षभराने तसाच मास्क विक्रीलाही आला.

कलाकृती म्हणून ते काम मला फार आवडलं. बाहुलीसारखं दिसण्याच्या हौसेत किती भीतीदायक काहीतरी आहे, हे त्यात उघड दिसत होतं. दुर्दैव एवढंच की बघणाऱ्यांनी त्यातली भीती बाजूला ठेवली आणि कृती लिहून घेतली.

उजळ म्हणजे काय

आपल्याकडे मात्र ग्लोची गोष्ट काचेवर संपत नाही. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' काढणार असल्याचं हिंदुस्थान युनिलिव्हरने जून २०२० मध्ये जाहीर केलं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर वर्णभेदाविरुद्ध आंदोलनं पेटली होती, गोरं करणाऱ्या क्रीमवर जगभर टीका होत होती. जुलैत नवं नाव आलं: 'ग्लो अँड लव्हली'. पुरुषांसाठी 'ग्लो अँड हँडसम'. पंचेचाळीस वर्षं 'गोरं' या शब्दाने जी जागा अडवली होती, तिथे एका महिन्यात 'ग्लो' येऊन बसला आणि ट्यूब दुकानाच्या त्याच फळीवर राहिली.

इंग्रजीत या दोन शब्दांत थोडं तरी अंतर आहे. मराठीत तेही नाही. 'उजळ' म्हणजे प्रकाशमान आणि 'उजळ' म्हणजे गोरा. स्थळाच्या जाहिरातीत 'उजळ वर्णाची' असं लिहिलं की चेहरा चमकतो का, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे 'त्वचा उजळते' हे वाक्य छापणाऱ्याला दोन्हीकडून फायदा. टीका करणाऱ्याला सांगायचं की आम्ही तजेल्याबद्दल बोलतोय. गिऱ्हाइकाला जे ऐकायचंय ते ती आपसूक ऐकतेच. ब्रायडल पॅकेज विकणाऱ्या कुठल्याही पार्लरचे 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो शेजारी ठेवून बघा. 'नंतर'मधला ग्लो बहुतेक वेळा दोन छटा फिकट असतो. ज्या फॅशनने काळ्या त्वचेला तिची चमक परत दिली, तीच आपल्याकडे येताना गोरेपणाच्या जुन्या रुळावर आली. याचा राग मला मॅटच्या सगळ्या पुट्टीपेक्षा जास्त येतो.

चमक येते कुठून

अजून एक गोष्ट राहते, ती थेट वस्तूची. पावडरच्या रूपातल्या बऱ्याच हायलायटरमधली आणि आयशॅडोतली चमक अभ्रकाची असते. अभ्रकाचे पातळ पापुद्रे दळतात, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात आणि त्या थराच्या जाडीवर ठरतं की गालावर मोती दिसेल, गुलाबी झाक दिसेल की सोनेरी. जगभरातल्या सौंदर्यप्रसाधनांना लागणाऱ्या अभ्रकाचा एक मोठा स्रोत झारखंड आणि बिहारच्या सीमेवर आहे: कोडरमा, गिरिडीह हा पट्टा. १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या खाणी एकामागून एक अधिकृतपणे बंद झाल्या, पण खणणं थांबलं नाही. जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांत आणि उंदराच्या बिळासारख्या भुयारांत शिरून लोक अभ्रकाचे तुकडे वेचतात. तिथे त्याला 'ढिबरा' म्हणतात. वेचणाऱ्यांत लहान मुलंही असतात, कारण बारकी बोटं बारके तुकडे पटकन उचलतात. २०१६ मध्ये रॉयटर्सच्या बातमीदारांनी शोध घेतला तेव्हा दोन महिन्यांत सात मुलं दगावल्याचं आणि ते मृत्यू दडपले गेल्याचं उघड झालं. २०१७ मध्ये कंपन्या आणि संस्थांनी मिळून 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' सुरू केला. काही ब्रँड प्रयोगशाळेत बनवलेल्या अभ्रकाकडे वळले.

यावर 'हायलायटर फेकून द्या' असं मी म्हणणार नाही. खरेदी थांबली तर त्या गावांतलं ढिबऱ्याचं थोडंफार उत्पन्नही जातं; शाळा आणि रीतसर मजुरी त्याने येत नाही. पण मेकअपवर टीका लिहायची तर रंग आणि झाक यांच्याबरोबर माल कुठून आला हेही टीकेत यायला हवं. भुयारातून बाहेर आलेल्या पोराच्या घामेजल्या हातांवरही अभ्रकाची चमकी चिकटलेली असते. तो चकाकतो. त्याला कुणी ग्लो म्हणत नाही.

मग लावायचं काय?

आता मॅट परत येतेय. 'सॉफ्ट मॅट', 'क्लाउड स्किन' अशी नवी नावं आहेत, पावडर पूर्वीपेक्षा बारीक दळलेली आहे. दोनेक वर्षांत पुन्हा ओलसर काहीतरी येईल. कंपन्यांच्या दृष्टीने हे सोयीचंच आहे. ज्यांनी ग्लोचे पाच थर विकत घेतले, त्यांनाच आता तो झाकायला सेटिंग पावडर विकायची.

या सगळ्या वादात चेहरा दिसतो कसा यावरच बोलणं होतं. चेहऱ्याला वाटतं कसं, हे कुणी विचारत नाही. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंग आठवून बघा. आधी अंगभर कोमट तेल, मग उटणं. तेल चमक आणतं, उटणं जास्तीचं तेल ओढून घेतं. मॅट आणि ग्लो दोन्ही एकाच आंघोळीत उरकतात, कारण तिथे बघणारं कुणी नसतं. थंडी तोंडावर आलेली असते, अंग फुटू नये एवढाच त्यामागचा विचार. जुनं ते सोनं वगैरे मला म्हणायचं नाही. त्याच घरांत सावळ्या मुलीला डाळीचं पीठ आणि साय चोळून उजळवायचा खटाटोपही होत होता. पण त्वचा हा बघण्याआधी वाटण्याचा अवयव आहे, हे त्या एका सकाळी आपल्याला ठाऊक असतं. रील उघडली की आपण ते विसरतो.

म्हणून माझी कसोटी अगदी साधी आहे. लोकलमधून उतरताना पफ मारणाऱ्या बाईला 'ग्लो ट्राय कर' असा सल्ला मी देणार नाही, आणि सावळ्या गालावर सोनेरी हायलायटर लावून खूश झालेल्या मुलीला अभ्रकाचं व्याख्यान देणार नाही. मेकअप चांगला की वाईट हे मी एवढ्यावरून ठरवते: तो लावून हसता येतं का, ऊन लागलं तर चालतं का, आणि जिना चढून आल्यावर कपाळावरचा घाम ओढणीने किंवा बाहीने न घाबरता पुसता येतो का. आपल्या हवेत आठ महिने घाम येतोच. तो पुसताना चेहरा पुसला जाईल अशी धाकधूक ज्यात आहे, तो मेकअप मॅट असो की ग्लोई, आपल्या कामाचा नाही.